जाऊ दिलेला पेला

नगरच्या चर्चमध्ये सुवार्ताला आज मुद्दाम पहिल्या बाकावर बसवलं होतं. आठ महिन्यांपूर्वी टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा जिंकल्यापासून ती आज पहिल्यांदाच गावी आली होती, आणि गावाला तिचं कोण कौतुक! उपासनेआधी पोरीबाळींनी फोटोंसाठी तिला नुसतं घेरलं होतं.

"प्रभुभोजन घेण्याआधी ज्याचं कुणाशी बिनसलं असेल, त्याने आधी समेट करावा," पाळकसाहेब म्हणाले. दर महिन्याचंच वाक्य, पण आज ती चुळबुळायला लागली. ज्या चालीने तिला स्पर्धा जिंकून दिली, ती दानिएलकाकांची होती. लहानपणी पेटीवर त्यांनीच शिकवलेली. "चाल कुणाची?" असं परीक्षकांनी विचारलं, तेव्हा कॅमेऱ्यासमोर ती बेधडक म्हणाली होती, "माझीच."

प्रभुभोजनाचा, द्राक्षरसाच्या इवल्या पेल्यांचा ट्रे तिच्यापुढे आला. सगळ्यांच्या नजरा तिच्यावरच. पेला नाही घेतला तर गावभर चर्चा होणार, आणि घेतला तर घशाखाली उतरणार नाही. तिने मान हलवली. ट्रे पुढे गेला, तशी मागे कुजबुज सुरू झाली.

ती उठली आणि भर उपासनेत चालत शेवटच्या बाकापाशी गेली. दानिएलकाका खाली मान घालून बसले होते.

"काका, चाल तुमची होती. मी खोटं बोलले." आवाज जरा मोठाच लागला. सगळ्या चर्चला ऐकू गेलं.

काकांनी सरकून तिला जागा करून दिली. "बस. तुझ्यावरचा राग काही जाईना, पोरी. आठ महिने मीही पेला घेतला नाही."

मग त्यांनी ट्रेवाल्याला हात केला. "इकडं दोन द्या."