चिमणीची घंटी
वडीगोद्रीजवळच्या गाढवांच्या आश्रयस्थानात आंधळी गाढवी भुरी आपल्या सोबतिणीच्या, चिमणीच्या, गळ्यातल्या घंटीमागे चालायची. इथे येण्याआधी वीटभट्टीवरही दोघी अशाच मागेपुढे चालत असत. चिमणी मेली. पुंजाराम गड्याने तिला लगेच पुरले. “पुरण्याआधी भुरीला तिचा वास घेऊ दिलास का? न्हाईतर ती शोधतच राहील,” देखरेख करणारी गोजरबाई म्हणाली. “मावशे, गाढवाला काय कळतंय मरण!” दोन दिवस भुरीने पाण्याला तोंड लावले नाही. शेवटी गोजरबाईने चिमणीची घंटी स्वतःच्या कमरेला बांधली आणि ती हौदाकडे निघाली. भुरीचे कान उभे राहिले. ती लगबगीने मागे आली. “फसली बघ!” पुंजाराम हसला. हौदापाशी भुरीने घंटी हुंगली, गोजरबाईचा पदर हुंगला आणि पाण्याकडे पाठ फिरवली. पुंजारामने फावडे उचलले. “उकरतो, मावशे. घेऊ दे वास.” “राहू दे, लेकरा. आता तिथं सडका वास असंल, चिमणीचा वास न्हाई राह्यला.”