मिठाचा खांब

शकुनबाई मान मागे वळवून उभी होती आणि मान आता चांगलीच भरून आली होती. अंगभर पांढरी चादर, तोंडाला मैदा, पायाशी ओंजळभर खडे मीठ. हिवरखेडच्या ख्रिस्ती मंडळीत महिला रविवारी बायका पवित्र शास्त्रातल्या बायका होऊन उभ्या राहतात, आणि दर वर्षी मागे पाहिलं म्हणून मिठाचा खांब झालेली लोटाची बायको शकुनबाईच्याच वाट्याला येते. कारण सोपं होतं. तिला चार वाक्यं धड पाठ होत नाहीत आणि मिठाच्या खांबाला बोलायचं नसतं.

यंदाचा विषय होता, शेवटच्या काळातल्या संकटात स्त्रियांचा विश्वास. संध्या एस्तेर राणी झाली होती, लग्नातला शालू नेसून, पुठ्ठ्याचा मुकुट घालून. जीव गेला तर जाऊ दे, मी राजापुढे जाणारच, हे तिनं असं ठणकावून म्हटलं की मागच्या बाकावर पेंगणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा जाग्या झाल्या. सारफथची विधवा शेवटच्या मूठभर पिठाची भाकर थापून गेली. मग पाळकसाहेबांच्या बायकोनं, मार्थाबाईंनी, शकुनबाईकडे बोट केलं.

"आणि भगिनींनो, हिच्यासारखं होऊ नका. देवानं निघ म्हटलं आणि ही मागं पाहत राहिली."

दर वर्षी हे ऐकताना शकुनबाईला त्या बाईची कीव यायची. घर सोडताना कोण मागे पाहत नाही? पण हे तिनं कधी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

तेवढ्यात दारात किशोर येऊन उभा राहिला. हातात नवं कोरं कुलूप, मागे दोन माणसं. प्रार्थनेच्या या हॉलची जागा त्याच्या वडिलांनी, महादेवरावांनी, मंडळीला तोंडी देऊन टाकली होती. महादेवराव गेले, कागद काही झाला नाही, आणि किशोरनं ती अकोल्याच्या एका व्यापाऱ्याला गाळे बांधायला विकायची ठरवली होती.

"पाळकसाहेब, लोक बाहेर काढा," तो म्हणाला. "पार्टी जागा पाहाले येऊन राहिली. हॉल रिकामा झाला का मी कुलूप लावतो. सामान उद्या घेऊन जा. मले भांडण नाही पाहिजे कोणाशी."

पाळकसाहेब उठले. भला माणूस, आवाज चढवणं त्यांना कधी जमलंच नाही. "वाद नको," ते मंडळीला म्हणाले, "शेवटचे दिवस असेच असतात. प्रभू दुसरी जागा देईल. चला." बाकं सरकली. कुणी पेटी उचलली. एस्तेर राणी शालू सावरत सगळ्यांच्या आधी बाहेर पडली.

"शकुन, चाल व लवकर," मार्थाबाई दारातून म्हणाल्या.

शकुनबाईनं एक पाऊल उचललंही. पायाखाली मीठ करकरलं आणि तिची नजर खाली गेली. ही फरशी तिच्या नवऱ्यानं, देवमननं, आपल्या हातानं बसवली होती. त्यातली एक जरा वर राहून गेली होती. दर रविवारी कुणी ना कुणी तिला ठेचाळायचं आणि देवमनच्या नावानं हसायचं. देवमन गेल्यावरही हसायचं, आणि शकुनबाईला ते फार बरं वाटायचं. आता एकदा कुलूप लागलं की इथे शटरं बसणार.

तिला एकदम राग आला. किशोरचा तर आलाच, पण इतक्या मुकाट्यानं सरकलेल्या बाकांचा जास्त आला. देवानं निघ म्हटलं असतं तर ती निघाली असती. हे तर किशोर म्हणत होता.

तिनं उचललेलं पाऊल परत मिठात ठेवलं, मान मागे वळवली आणि होती तशी उभी राहिली.

"मावशी, निघ ना व," किशोर म्हणाला.

मिठाचा खांब काही बोलला नाही.

"मावशी, आयकून राहिली का तू? पार्टी येईन आता."

"उचलून ठेवू का बाहेर?" मागच्या माणसानं विचारलं, तसा किशोर त्याच्यावरच खेकसला. "हात नको लावू. मायची मैतरीण हाय ते."

भीती शकुनबाईला वाटत होतीच. भीती वाटली तरी हलायचं नाही, एवढं तिनं ठरवून टाकलं होतं.

दारात कुणीतरी आलं. संध्या होती. मुकुट वाकडा, तोंड शरमेनं लाल. कुणाकडेही न पाहता ती आत आली आणि आपल्या जागेवर उभी राहिली. तिच्यामागून सारफथची विधवा परात घेऊन आली. मग मार्थाबाई आल्या. शेवटी पाळकसाहेब आले, आणि येताना नेमके त्या वर आलेल्या फरशीला ठेचाळले. या वेळी कुणी हसलं नाही.

किशोरनं कुलूप या हातातून त्या हातात घेतलं. "हे अशी काहून उभी हाय?" त्यानं मार्थाबाईंना विचारलं.

"लोटाची बायको हाय ते. मिठाची झाली."

"मंग किती वेळ उभी रायते?"

मार्थाबाईंनी शकुनबाईकडे पाहिलं. या खेपेला त्यांनी बोट केलं नाही.

"ते खाली बसली असं शास्त्रात कुठीच लिहेल नाही, बाबू."