‘बघू’

मॅनेजर झाल्यापासून शलाका राजोपाध्येला तोंड उघडायचीच धास्ती वाटायची. कंपनीने सगळ्या नव्या मॅनेजरांच्या मनगटाला तो पट्टा बांधला होता ना! आपण बोलायचं आणि समोरच्याच्या मनात जे होईल ते तसंच्या तसं आपल्या छातीत उतरायचं. माणसं सांभाळायला शिका, म्हणे! सकाळी ती एकावर जरा खेकसली, तर तिच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं.

आता केबिनच्या दारात तोरस्कर उभे होते. पंपांच्या जोडणीवरचे सगळ्यांत जुने कामगार.

“मॅडम, लेकीचं बाळंतपण आहे. आठवडाभर रजा मिळाली असती तर...”

इकडे माल वेळेत जायची मारामार. “बघू,” शलाका म्हणाली आणि अंग चोरून बसली. आता कळ येणार.

काहीच आलं नाही. राग नाही, निराशासुद्धा नाही. पट्टा बिघडला की काय? पण त्याचा हिरवा दिवा तर चालू होता. मग तिला उमगलं. या माणसाने आजवर इतके ‘बघू’ ऐकले होते की आता त्याला काही वाटतच नव्हतं.

तोरस्कर जायला वळले. तिला राहवेना.

“तोरस्कर, जा तुम्ही! अगदी निर्धास्त जा. तुमच्यावाचून इथे काही अडणार नाही.”

आणि तिच्या छातीत धस्स झालं. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

“मॅडम,” तोरस्कर कसंबसं म्हणाले, “कामावरून काढताय का मला?”