डोळ्यांनी ऐकलेली हाक

तापात कान गेले, तरी वसुधानं पक्ष्यांचा अभ्यास सोडला नाही. तान्ह्या लेकीला पाठीशी बांधून ती आंबोलीच्या रानात आवाज टिपायची आणि घरी संगणकावर त्यांचे आलेख काढायची. काळ्या पडद्यावर कस्तुराची शीळ निळ्या वेलीसारखी उलगडत जायची. वसुधा ती डोळ्यांनी ऐकायची.

आज त्या वेलींमध्ये दोन केशरी टेकड्या उगवल्या.

"नवीनच पक्षी दिसतोय!" ती हरखून नवऱ्याला म्हणाली.

श्रीरंगनं हेडफोन लावला. ऐकता ऐकता त्याचे डोळे भरून आले.

"पक्षी नाही गं," तिला ओठ वाचता यावेत म्हणून तो सावकाश म्हणाला. "आपली शाल्मली आहे. पहिल्यांदाच 'आई' म्हणतेय."

वसुधानं झोपलेल्या लेकीला अलगद उचलून छातीशी धरलं आणि पडद्याकडे बघत, उशिरा का होईना, ओ दिली.