रिकामा चौकोन

मुलुंडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिवदास सरांनी मालनला उभं केलं आणि पेपरातला तिचा जावईशोध तिलाच मोठ्याने वाचायला लावला. प्रश्न अगदी बाळबोध होता. कॉम्प्युटरमध्ये 'बी' नावाच्या खणातला आकडा 'ए' नावाच्या खणाला दिला, तर 'बी'मध्ये काय राहतं? मालनने वाचलं, "काहीच राहत नाही." वर्ग खो खो हसला. सरही हसले.

दाराबाहेरच्या बाकावर तिचे वडील, जयवंत, बसले होते. पोरीला हे झेपतंय, की सरळ टायपिंगला घालावं, एवढंच त्यांना सरांकडून ऐकायचं होतं. हसणं त्यांना स्वच्छ ऐकू गेलं असणार.

"डोळे घरी ठेवून येतेस काय गं?" सर म्हणाले.

"स्क्रीनवर बघूनच लिहिलं, सर."

उलट बोलते म्हटल्यावर सरांचा पारा चढला. मुलांना मशीनच्या आतलं दिसावं म्हणून दिवाळीच्या सुट्टीत, बायकोची बोलणी खात, त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला होता. स्क्रीनवर चौकोन, चौकोनांत आकडे. असं सगळ्या मुलुंडात कुणी शिकवत नाही, हे ते येईल त्याला ऐकवत. तोच त्यांनी आता सुरू केला. पाचाचा आकडा 'बी'तून निघाला आणि ऐटीत सरकत 'ए'मध्ये जाऊन बसला. 'बी'चा चौकोन रिकामा.

सरांनी तो पुन्हा चालवून पाहिला; 'बी' पुन्हा रिकामाच. कॉम्प्युटर आकडा उचलून नेत नाही, त्याची नक्कल करतो. मूळ आकडा जागेवरच राहतो. हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? पण सरकणारा आकडा दिसायला इतका झकास होता, की मागे काय उरलं ते बघायचंच राहिलं.

"तुम्हा बाकीच्यांचं कसं बरोबर आलं रे?" त्यांनी पुढच्या बाकावरच्या राजारामला विचारलं.

"पुस्तकातलं पाठ केलं, सर. स्क्रीनवरचं कुणाला कळतं?"

म्हणजे मन लावून बघणारी एकटी मालन. चूक माझी, एवढंच सरांना म्हणायचं होतं, पण जीभ उचलेना.

तेवढ्यात चपला बाहेर काढून जयवंत दारात आले. त्यांनी हात जोडले.

"माफ करा, सर. उगाच तुमचा टाइम खाल्ला तिने. टायपिंगलाच घालतो."

"असू दे, शिकेल हळूहळू," सर मोठ्या मनाने म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मालन अजून उभीच होती.

"बसू का, सर?" तिने विचारलं.