बारवेच्या पायऱ्या

वार्डात अठ्ठावन्न मतं होती. एक दुकानदार दीपचंदचं, बाकी सगळी एकाच भावकीची. उषाबाईचा दीर काकासाहेब निवडून आला तर देवळाला कळस चढवणार होता. दीपचंद पायऱ्यांची बारव बुजवून हातपंप आणणार होता. बारवेत पाय बुडवून लोक पाणी भरत आणि तेच पिऊन घरोघरी नारू होई. उषाबाईच्या पोरीच्या घोट्यातून निघालेला जंत रोज बोटभर काडीवर गुंडाळावा लागे. मतदानाच्या सकाळी काडी फिरवताना पोर किंचाळली. "मी दीपचंदलाच मत देनार," उषाबाई म्हणाली. "अगं, माझ्या सख्ख्या भावाला सोडून?" नवरा दचकला. "भावजींच्या कळसानं हिचा पाय बरा व्हनार हाय का?" तो पोरीच्या पायाकडं बघत राहिला. "मंग मी बी त्यालाच. त्याचं, तुझं, माझं, तीन तर पक्की," म्हणत त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. मोजणीत काकासाहेबाला छप्पन्न पडली, दीपचंदला दोन.