जबाबदार व्यक्ती

दीपमाला मॅडमनी पिशवीतून शाळेच्या छताचा तुकडा काढला आणि तालुक्याच्या शिक्षण कचेरीत पुंजाराम क्लार्कच्या टेबलावर ठेवला. भाकरीएवढा होता. एका बाजूला चुना, दुसऱ्या बाजूला गंजक्या सळईचा व्रण.

"काल पडला. तिसरीची पोरं नेमकी पाणी प्यायला गेल्ती."

पुंजारामनं तुकडा उलटासुलटा करून पाहिला. "मॅडम, हे आता चालत न्हाई. सोमवारपासून समदं सॉफ्टवेअरमधी. याचा फोटो टाकावा लागंल."

फोटो टाकला. मॅडमचा मोबाइल नंबरही टाकला. मागणं एका ओळीचं होतं: खोली बंद करून एकतीस मुलं देवळाच्या सभामंडपात बसवायला लेखी परवानगी द्यावी. गावाची हरकत नव्हती. देवाची तर नव्हतीच. पण गेल्या साली मॅडमनी न विचारता पोरं लिंबाखाली बसवली, तेव्हा या कचेरीतून नोटीस गेली होती. ती मात्र दोन दिवसांत पोचली होती.

"आता बघा हां," पुंजाराम म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

शेजारच्या टेबलावर, हात लांब केला तर पोचेल एवढ्या अंतरावर, हेडक्लार्क रामरावांच्या कॉम्प्युटरमध्ये टिंग झालं.

"आली!" रामराव हरखले. "काय स्पीड हाय!" त्यांनी 'आदेशार्थ सादर' असं लिहून बटण दाबलं. आतल्या केबिनमध्ये टिंग झालं. साहेबांनी शेरा मारला: 'चर्चा करावी.'

साहेब सव्वीस वर्षं हाच शेरा मारत आले होते. कागदावर तो मारला की फाइल कपाटात जाई आणि कुणाला काही त्रास होत नसे. सॉफ्टवेअर नवीन होतं. त्याला वाटलं, खरंच चर्चा करायची आहे. त्यानं तिथल्या तिथं चौदा जणांचा गट उघडून दिला.

'नमस्कार सर.' 'होय सर.' 'योग्य निर्णय सर.' छताच्या फोटोला नऊ अंगठे आले. एकानं गडबडीत वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

अकराव्या मिनिटाला प्रकरण पुंजारामकडं परत आलं.

"बघा मॅडम," रामराव म्हणाले, "पैले परत यायला आठ महिने लागायचे."

"आणि परवानगी?"

पुंजारामनं चष्मा कपाळावर सारला. "हितं अडलंय. एक चौकट भरल्याबिगर फुडं जाऊच देत न्हाई. 'जबाबदार व्यक्ती.'"

कागदावर अशी जागा कधी नव्हती. तिथं 'संबंधितांनी कार्यवाही करावी' एवढं लिहिलं की भागे. पुंजारामनं चौकटीत 'संबंधित' लिहून पाहिलं. लाल अक्षरं उमटली: माणसाचं नाव द्या.

"भाऊसाहेब, तुमचं टाकू?" त्यानं रामरावांना विचारलं.

"अरे, मार्चमधी रिटायर होऊन राह्यलो मी. तुझंच टाक की."

"मी नुसतं टायपिंग करतो, भाऊसाहेब. साहेबांचं टाकावं काय मंग?"

केबिनची कडी आतून लागल्याचा आवाज आला.

"ज्याचं नाव टाकतील त्यानं करायचं काय असतं?" मॅडमनी विचारलं.

"काहीच न्हाई. बिलकुल न्हाई," रामराव म्हणाले. "नुसतं नाव."

"मंग तुमचं टाका ना."

रामराव वर बघू लागले. कचेरीचं छत चांगलं होतं.

"जल्दी करा भाऊसाहेब," पुंजाराम म्हणाला, "चार वाजता जालन्याला रिपोर्ट जातो. पेंडिंग दिसलं तं आपल्या कचेरीफुडं लाल टिकली येती." दोघांनी एकदम घड्याळाकडं पाहिलं. मग दोघांनी, तेही एकदमच, मॅडमकडं पाहिलं.

"मी उद्या पोरं कुठं बसवू, तेवढं तरी सांगा," मॅडम म्हणत होत्या.

पुंजाराम एकेक अक्षर शोधून टाइप करत होता. रामराव मागं उभं राहून सांगत होते, "दी दीर्घ घे. हां. बराबर."

बटण दाबलं. मॅडमच्या पिशवीत टिंग झालं.

त्यांनी मोबाइल काढून वाचलं. 'सदर प्रकरण पुढील कार्यवाहीसाठी आपणाकडे सोपवण्यात आले आहे. मुदत: आज.'

"पोचलं बी?" पुंजाराम खुर्चीतून अर्धा उठला. एवढा निर्मळ आनंद त्या कचेरीत फार दिवसांत कुणाच्या तोंडावर दिसला नव्हता. रामरावांनी पडद्यावर बोट ठेवून वाचलं, "पेंडिंग, शून्य."

मोबाइल हातात धरून मॅडम दारापर्यंत गेल्या.

"मॅडम, ओ मॅडम!" पुंजाराम धावत मागं आला. "हे राह्यलं तुमचं."

आणि छताचा तुकडा त्यानं दोन्ही हातांनी, अदबीनं, त्यांच्या हातात दिला.